फरशीवरचा वास

मी वास बोलतोय. नाक दाबून उपयोग नाही, मी केव्हाच आत आलोय.

माझ्या बाटलीवर जांभळी फुलं छापलीत. मी उभ्या जन्मात फूल पाहिलेलं नाही. एका कारखान्यात, बंद पिंपात, मला ढवळून जन्माला घातलं. कशाकशापासून, ते बाटलीवर लिहिलेलं नाही. नुसतं 'सुगंध' एवढंच आहे.

फरशी पुसायला मला या घरात आजीनं आणलं. घरात तिघीच. आजी, तिची सून आणि सुनेची रांगती लेक, ठमी. पहिल्याच दिवशी आजीनं टोपण उघडून मला नाकाशी धरलं. मी आत शिरलो आणि थबकलो. आत कोणीच नव्हतं. रिकाम्या घराची कडी वाजवावी, तसं झालं. मागच्या तापात तिचं नाक गेलं होतं आणि तिनं ते कोणालाही कळू दिलं नव्हतं.

ती बादलीत एक टोपण ओतायची, थांबायची. काही कळेना, मग आणखी एक. आपल्या खोलीला म्हातारपणाचा वास येत असेल, ही तिची धास्ती. शेजारीण दारातून म्हणायची, "काय घमघमाट आहे हो काकू," तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा.

फरशी वाळली की मी गेलो, असं लोकांना वाटतं. पाणी जातं. मी सायीसारखा फरशीला धरून राहतो. ठमीचे तळवे, गुडघे, कधी जीभही माझ्यावरून फिरायची. मला तिचा राग नव्हता, लोभही नव्हता. कोवळ्या कातडीला बारीक बारीक दारं असतात आणि मी दार उघडं दिसलं की शिरतो.

आधी तळवे लाल झाले, मग गुडघे, मग हनुवटी. पोर खाजवून रक्त काढू लागली.

"आई, ते लिक्विड बंद करा," सून म्हणाली.

"घाणीनंच होतंय हे. माझ्या लेकरांना कधी काही झालं नाही."

"तुम्ही साध्या पाण्यानं पुसायचात. तुम्हीच सांगता."

"जीभ बघा कशी चुरूचुरू चालते."

पुरळ वाढलं तशी टोपणं वाढली. सून लेकीला घेऊन माहेरी गेली. तिथे पोर बरी झाली. परत आणली, आणि संध्याकाळपर्यंत मी पुन्हा तिच्या तळव्यांवर होतो.

"माहेरचं पाणी गोड," आजी म्हणाली.

सुनेनं बॅग काढली. "आता गेले की येणार नाही."

ती कपडे भरत होती तेवढ्यात दूध करपलं. मलाही बाजूला सारील असा करपट वास घरभर पसरला. सून धावत आली. शेगडीला पाठ करून आजी शांतपणे ओटा पुसत होती.

सुनेनं गॅस बंद केला. माझी बाटली उचलून आजीच्या नाकाशी धरली. "कसा आहे वास?"

"छान आहे की. फुलांचा."

टोपण घट्ट लावलेलं होतं.

"केव्हापासून, आई?"

"तापापासून." आजी खाली बसली. "गुडघे गेले, दात गेले. आता हेही सांगायचं? म्हणाली असतीस, म्हातारी कामातून गेली."

"म्हणालेच असते. पण पोर सोलून निघाली नसती."

बाटली कचऱ्यात गेली. बॅग अजून भरलेलीच आहे. फरशी आता साध्या पाण्यानं पुसतात आणि ठमीच्या हातांवर खपल्या धरल्यात. पण मी गेलेलो नाही. पडद्यात आहे, दुलईत आहे, सगळ्यात जास्त आजीच्या शालीत. ती रोज सकाळी शाल सुनेपुढे धरते, सून हुंगते आणि म्हणते, "आहे अजून. आणा, धुते."

ठमी आजीकडे रांगत येते, हात वर करते. आजी स्वतःचे हात मागे घेते.

मला आपणहून जाता येत नाही. एवढंच सांगायला बोललो. धुवा मला, पुन्हा पुन्हा धुवा.