तळं दर रविवारी गोठतं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. माझ्या मधोमध एक चौकोनी खड्डा आहे. तो कशाचा, ते पुढे कळेल. घाई नको. घाईने काय होतं, तेच तर मला सांगायचं आहे.

कारखान्यात माझ्या बाजूच्या वह्या कविता, प्रेमपत्रं असली स्वप्नं बघत होत्या. मला एका संशोधन संस्थेने नेलं. संस्थेच्या मागे तळं होतं आणि त्याचं पाणी रोज सकाळी सात वाजता किती गरम आहे हे मोजणारे एक काका होते. एकोणीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. नावेत बसायचं, तापमापक दोरीने पाण्यात सोडायचा, शंभरपर्यंत मोजायचं, वर ओढायचा, आकडा वाचायचा. आकडे संगणकात जायचे. आकड्यांचा अर्थ माझ्यात यायचा: कोणत्या रकान्यात काय आहे, तापमापक कधी बदलला, नाव कधी उलटली. नाव दोनदा उलटली. एकदा साहेबांसकट. ती नोंद काकांनी जरा ठळक अक्षरात केली आहे.

पान तीनवर त्यांनी लिहिलं: ‘ज्या दिवशी मोजलं नाही, त्या दिवशी उणे नऊ लिहावे. आपलं तळं कधी गोठत नाही, त्यामुळे हा आकडा कोणी खरा समजणार नाही.’ रविवारी सुट्टी असायची. म्हणून दर रविवारी उणे नऊ.

काकांचा माणसांच्या अकलेवर फार विश्वास होता.

पुढे काका निवृत्त झाले आणि मी कपाटावर गेले. तीन वर्षं माझ्यावर फक्त धूळ बसली. तिनेही काही वाचलं नाही.

मग ग्रंथालयात एक ताई आल्या. संस्थेतलं संशोधन कुलपात न राहता जगात कुणालाही फुकट वाचता यावं, त्यामागचे आकडे कुणालाही वापरता यावेत, हे पाहणं त्यांचं काम. त्या खोलीखोलीत जाऊन आकडे मागायच्या आणि शास्त्रज्ञ त्यांना पाहून उधारीवाला आल्यासारखे मागच्या दाराने सटकायचे. एकजण प्रामाणिक निघाला. म्हणाला, देतो की, पण आधी त्यात काय आहे ते मला कळू दे.

तळ्याचे आकडे ताईंना संगणकात सापडले. त्या काकांच्या घरी गेल्या. काकांनी एकच गोष्ट बजावली, की लाल वही शोधा, तिच्याशिवाय आकडे बाहेर सोडू नका. ताईंनी मला शोधलं, रुमालाने पुसलं आणि प्रत काढायला म्हणून बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांनी कुणी हात लावला, मित्रांनो. मी जरा फुगलेच. ओलही होती म्हणा.

पण शुक्रवारी संस्थेच्या ‘खुल्या धोरणा’वर सही होणार होती, आणि तोवर निदान एक तरी आकड्यांचा संच जगाला दाखवायचा होता.

“सर, वहीतलं वर्णन जोडल्याशिवाय नको,” ताई म्हणाल्या. “मला आठ दिवस द्या.”

“अहो, खुलं म्हणजे खुलं,” संचालक म्हणाले. “समजावून सांगायचं कुठे म्हटलंय?”

ताईंना पाहुणे आणायला पाठवलं आणि आकडे संकेतस्थळावर चढवायचं काम कारकुनाला दिलं. अर्जात ‘वर्णन’ नावाचा रकाना होता, तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. कारकुनाने लिहिलं, ‘आहे.’ अर्ज सरकला.

इकडे टेबल डुगडुगत होतं. सही वाकडी येईल म्हणून कुणीतरी हाताला आली ती वही, म्हणजे मीच, टेबलाच्या पायाखाली सरकवली. मग जमिनीपर्यंत येणारं कापड अंथरलं. खुल्या धोरणावर सही झाली तेव्हा त्याचा सगळा भार माझ्यावर होता. टाळ्या मला पायातून ऐकू आल्या.

ताईंनी मला महिनाभर शोधलं. टेबलाखाली कोण बघतं?

दूरच्या एका संशोधकाने ते आकडे उतरवून घेतले आणि लेख छापला: हे तळं दर रविवारी गोठतं आणि सोमवारी सकाळी सातच्या आत वितळतं. सोबत सुंदर आलेख. कारणही दिलं होतं, सुट्टीच्या दिवशी माणसांची वर्दळ नसल्याने पाणी थंडावत असावं. दोघांनी पाठिंब्याचे लेख लिहिले. शेवटी एका शाळकरी मुलीने पत्र पाठवून विचारलं, मग रविवारी मासे कुठे जातात? तेव्हा सगळीकडे हसं झालं. संचालकांनी कानावर हात ठेवले आणि चौकशी समिती नेमली. समिती माझ्याच डोक्यावर बसली. काकांना बोलावणं गेलं.

“रविवारी तळं गोठलेलं तुम्ही पाहिलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही. रविवारी मी येतच नव्हतो.”

“म्हणजे एकोणीस वर्षं दर रविवारी गैरहजर.”

“सुट्टी असायची, साहेब.”

“आणि गैरहजर असून आकडा भरलात.”

“उणे नऊ म्हणजे मोजलं नाही. वहीत लिहिलंय.”

“वही कुठे आहे?”

काकांचा बूट माझ्यापासून वीतभर लांब होता. मला पानं दोनशे, तोंड एकही नाही. काका खाली मान घालून बसले, पण कापड मध्ये होतं.

निकाल लागला. आकडे अविश्वसनीय, सबब काढून टाकावेत. कारण: मोजणाऱ्याचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी. ‘आहे’ लिहिणाऱ्याला बढती मिळाली.

पुढे नवं टेबल आलं, जुनं उचललं आणि मी सापडले. ताई तिथेच फरशीवर बसल्या, पान तीन वाचलं. त्याच दिवशी त्यांनी माझ्या पानापानाची प्रत काढून जगाला खुली केली आणि आकडे परत ठेवावेत असा अर्ज दिला. उत्तर आलं, की काढून टाकण्याच्या अर्जाचा नमुना आहे, परत ठेवण्याचा नाही. तो तयार करण्यासाठी समिती नेमण्यात येईल. घोंगडं अजून भिजतंय.

तर मित्रांनो, आज मी कुणालाही फुकट वाचता येते. ज्या आकड्यांचा अर्थ मी सांगते, ते मात्र कुठेच नाहीत. तुम्ही कधी काही मोजलंत, तर काय मोजलं आणि काय नाही, हे त्याच दिवशी साध्या शब्दांत लिहा. आणि आकडे जगाला देताना ते शब्द सोबत द्या. शहाण्यांना आपोआप कळेल, या भरवशावर राहू नका. शहाणेच फसतात.

मी सापडल्यावर काका दर रविवारी तळ्यावर जाऊ लागले. स्वतःचा तापमापक घेऊन, कुणी न सांगता. सात वाजता ताईंना फोन करतात: “चोवीस पूर्णांक दोन. पाणी पातळ.” ताई माझ्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतात. अकरा रविवार झाले. अजून कुणी ते आकडे मागितलेले नाहीत.

बाराव्या रविवारी फोन उशिरा आला. काकांना ताप होता, जाता आलं नव्हतं. आज काय लिहू, ताईंनी विचारलं.

“आकडा नको,” काका म्हणाले. “अख्खं वाक्य लिही, बाई. ‘आज मोजलं नाही. म्हातारा आजारी होता.’ आणि खाली तुझी सही कर. माझी कोण धरतंय.”