सिंकशेजारचं बटण

लेकीच्या नव्या घरी राहायला आल्यापासून बाबांना चैन नव्हती. सगळी नोकरी लोकांच्या घरांचं वायरिंग तपासण्यात गेलेली. माणूस निवृत्त झाला तरी नजर थोडीच निवृत्त होते? इथे तर स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण अगदी सिंकला लागून होतं. लेक भांडी विसळायची आणि निथळत्या हातानेच खटकन दिवा लावायची. बाहेर बाबांचा जीव खालीवर व्हायचा.

"बाबा, बसा हो जरा. किती येरझारा घालाल?"

"हात पुसून लाव गं."

"बरं," ती म्हणायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

शेवटी जावयाने विचारलं, "का हो बाबा, असं बटण नियमात बसत नाही का?" बटणाची जागा त्यानेच निवडली होती, त्यामुळे आवाजाला जरा धार होती.

खोटं बोलणं बाबांच्या जिवावर आलं. "बसतं. नियम सिंकजवळच्या प्लगला जास्त जाचतो, बटणाला नाही. फक्त मागे विजेची गळती पकडणारा ब्रेकर धड पाहिजे."

"मग झालं तर," जावई म्हणाला, पण लगेच दुसरीकडे बघू लागला.

ते बघणं बाबांच्या डोक्यातून जाईना. सकाळी जावई आंघोळीला गेला तसे ते मेन बोर्डापाशी गेले आणि ब्रेकरवरचं चाचणीचं बारकं बटण दाबलं. खटका पडला. आता घरातलं सगळं बंद व्हायला हवं होतं. फ्रिज आपला घरघरतच राहिला. ब्रेकरला वळसा घालून कुणीतरी तार परस्पर पुढे नेली होती.

जावई डोकं पुसत बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला.

"सारखा पडायचा तो," तो हळूच म्हणाला. "वायरमन म्हणाला, तात्पुरता बाजूला काढतो. मग राहूनच गेलं."

स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. हातातून पाणी टपकत होतं.

"मी रोज ओल्या हाताने दिवा लावते," ती नवऱ्याला म्हणाली. "तू बघत होतास."

"बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगतो."

बाबांनी मेन स्विच खाली ओढला.

जेवणाआधी दुसरा वायरमन आला. पाण्याच्या फिल्टरचा प्लग सिंकमागे ओलाव्याने गंजला होता. ब्रेकर पडायचा तो त्याच्यामुळेच. त्याने प्लग बदलला, परस्पर नेलेली तार काढली आणि चाचणीचं बटण दाबलं. सगळं घर एकदम गप्प झालं.

"दिव्याचं बटणही हलवायचं का?" त्याने विचारलं. "तशी गरज नाही."

बाबांनी बोलायला तोंड उघडलं आणि लेकीकडे बघून मिटलं.

"दाराजवळ घ्या," ती म्हणाली.

मग भिंत फोडणं आलं. ओट्यावर, डब्यांवर सगळीकडे धूळ बसली. तिघं हॉलमध्ये मांडीवर ताटं घेऊन जेवली. लेक फक्त बाबांशी बोलत होती, तेही कामापुरतं. वायरमन गेल्यावर जावई कुणी न सांगता भिंतीचा चुरा झाडायला लागला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग दुसरा झाडू घेऊन आली आणि ओट्याखालचा कोपरा झाडायला वाकली.