कसर की भुंगेरा

मेहुणी तिच्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, कपाट आवरायला आली, त्या दिवशी स्वेटरला भोकं पडल्याचं कळलं. स्वेटर बायकोने त्याच्यासाठीच विणायला घेतला होता. उजवी बाही झाली आणि ती गेली. तेव्हापासून स्वेटर सुयांसकट कपाटात होता.

तो किल्ल्या बनवायचा. भोक बघून आतलं ओळखायची त्याला सवय. कसर लागली, त्याने सांगून टाकलं. कपाट बंद, आत अंधार. पतंग शिरला, अंडी घातली, अळ्यांनी लोकर खाल्ली. विषय संपला.

मेहुणीचा जन्म गालिचे रफू करण्यात गेलेला. तिने स्वेटर खिडकीशी नेला. पतंगाची अळी खाते तिथेच जाळं करून बसते, ती म्हणाली. इथे जाळ्याचा मागमूस नाही. इथे थोडं, तिथे थोडं खाल्लंय आणि केसाळ कात टाकलीय. हा भुंगेरा.

एखादी अळी आळशी असेल, नसेल करत जाळं, असं त्याचं म्हणणं पडलं. मेहुणीने ते कानाआड केलं आणि कपाटावरच्या फुलदाणीकडे पाहिलं. बहिणीच्या फोटोशेजारी तो रोज ताजी फुलं ठेवायचा. तिने एक फूल हातावर झटकलं. मोहरीएवढे दोन ठिपकेदार भुंगेरे पडले.

कसरीचा पतंग मोठा झाला की काहीच खात नाही, तिने समजावलं. भुंगेरा फुलातले पराग खातो, फुलांबरोबर घरात येतो आणि पोरांसाठी लोकर शोधतो. म्हणजे फुलं बंद करायची. कसर असती तर फुलं राहिली असती; आता त्याला कसरच हवी होती.

“ताई असताना कधी फूल आणलं नाहीत, भाऊजी.”

“तीच म्हणायची, फुलं कसली आणता, कांदे आणा.”

“मग कांदे ठेवा. कांद्यातून भुंगेरे येत नाहीत.”

त्याने थोडा विचार केला. फुलदाणी बाहेर जिन्यात नेऊन ठेवली आणि फोटोशेजारी दोन कांदे ठेवले, त्यातल्या त्यात बरे बघून.

स्वेटर पिशवीत घालून तिने फ्रीझरमध्ये टाकला, उरल्यासुरल्या अळ्या मरायला. सुया काढू का, तिने विचारलं.

“नको. टाके सुटतील.”

सुया आडव्या आल्या, तरी दार कसंबसं लागलं. भोकं मेहुणी बुजवणार आहे. बाहीही विणून देते म्हणाली होती; तो बघू म्हणाला.

डावी बाही राहिली आहे.