पहिल्या घंटीच्या आत

मित्रांनो, रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हाला जेवायला बोलावते ती मीच. मी एक जुनी पितळी घंटी आहे. अर्ध्या नारळाच्या करवंटीएवढा माझा आकार. डोक्यावरची कळ दाबली की पोटातली हातोडी आपटते आणि मी वाजते. माझ्या कडेला एक पोचा आहे. त्यावर बोट फिरवून तुम्ही नेहमी विचारता, की हा कसा पडला. सांगते, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मानोरा गावातल्या एका कॉलेजात प्राचार्यांच्या टेबलावर माझी पहिली नोकरी सुरू झाली. मी वाजले की शिपाई जगदेवकाका हातातलं काम टाकून येत. पाहुण्यांनी माझ्या आवाजाचं कौतुक केलं की काका म्हणत, "आवाज गोड हाये साहेब, पन बोलावनं गोड नसते." पुढं विजेची घंटी आली. तिचं बटण टेबलाखाली होतं आणि आवाज थेट व्हरांड्यात जाई. मला कपाटात ठेवलं, जुन्या सत्कारांच्या हारांशेजारी. त्या अंधारात माझं पितळ काळं पडलं. कधीतरी वरून एक चषक कोसळला. हा पोचा त्याचा.

मग कॉलेजात परिषदा भरू लागल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करून शोधनिबंध लिहितात आणि सभागृहात तो लोकांसमोर मांडतात. प्रत्येकाला ठरावीक वेळ असतो. जगदेवकाकांनी मला बाहेर काढलं, चिंच लावून घासलं आणि सत्राध्यक्षांसमोर ठेवलं. पहिली घंटी म्हणजे आवरतं घ्या. दुसरी घंटी म्हणजे बसा. पूर्वी मी माणसाला बोलवत असे, आता थांबवू लागले.

या कामात मी एक गोष्ट पाहिली. माणूस बोलायला उभा राहिला की आधी नावं घेतो. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, संस्थेचे सचिव, संयोजक, सहसंयोजक. प्रत्येक नावाआधी माननीय, नाहीतर आदरणीय. मग आभार, आणि मग विषयाची पार्श्वभूमी. तेवढ्यात मी वाजते आणि मूळ गोष्ट कागदातच राहते. वर्षानुवर्षं किती जण महत्त्वाचं वाक्य पोटात ठेवून खाली बसले, ते मी जवळून पाहिलं आहे.

रंजीताही त्याच वाटेनं निघाली होती. तुमच्याच तांड्यातली, निकिताची मोठी बहीण. कॉलेजच्या वसतिगृहात राहून ती एम.ए. करत होती. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा मुलांच्या शाळेचं काय होतं, हा तिचा विषय. वसतिगृहात लहान बहिणीला ठेवता येत नव्हतं. घरी आजी रुपाबाई, पण तिला दिसत नाही. म्हणून आदल्या वर्षी निकिताही आईबापासोबत उसाच्या फडावर गेली आणि परत आली तेव्हा पाढे विसरली होती. या परिषदेला, ऊसतोडीच्या दिवसांत मुलांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांचं काम पाहणारे जिल्ह्याचे अधिकारी येणार होते. मजुरांना न्यायच्या गाड्या तांड्यावर लागायच्या आत त्यांना इथली गरज पटली, तर निकिता यंदा शाळेत राहणार होती. न पटली, तर पुन्हा फड.

मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडमनी रिकाम्या वर्गात तिची तालीम घेतली. घंटीवर जगदेवकाका. रंजीतानं स्लाइडवर मजकूर खच्चून भरला होता, आणि श्रोत्यांकडं पाठ करून ती तो वाचत होती. त्याआधी अर्थातच नावं.

"पोरी, अजून नावंच घेऊन राह्यली तू?" काका म्हणाले. "मी दाबतो आता."

"थांबा ना काका, अध्यक्ष राह्यले."

"अध्यक्षच तं दाबीन थो घंटी!"

मी वाजले. मॅडम हसल्या नाहीत. "रंजीता, तांड्यावरच्या वर्गाचे ते दोन फोटो कुठे आहेत?"

"सगळ्यात शेवटी, मॅडम."

"शेवटपर्यंत तू पोचतेस कुठे? ते पहिले घे. आणि नावं गाळ."

"नावं गाळली तं अपमान होईन ना मॅडम. घरी कळलं तं माहा बा माह्याशी बोलनार नाई."

काकांनी मला फडक्यात गुंडाळून रंजीताच्या पिशवीत टाकलं. "घरी ने, सराव कर. पन वापस आनजो, नाईतर माही पेन्शन अडकीन."

अशी मी पहिल्यांदा तांड्यावर आले. ओट्यावर रंजीता उभी राहिली, समोर आजी आणि वडील सेवादास. घरातलं बोलणं तुमच्या बंजारा गोरबोलीत चाललं होतं. मला ती बोलता येत नाही, म्हणून मराठीत सांगते.

रंजीता स्लाइडवरचा मजकूर वाचू लागली, तशी आजी म्हणाली, "मला तुझं चित्र दिसत नाही. वाचू नको. काय आहे त्यात, ते सांग."

रंजीता थांबली. मग तिनं वडिलांना मॅडमचं म्हणणं सांगितलं. सेवादासांना ते मुळीच पटलं नाही. "मोठ्या माणसाला मान दिल्याशिवाय तोंड उघडायचं? हेच शिकवतात तिथं?"

"मग पंचायतीत तांड्याच्या नायकासमोर तुम्ही कसे बोलता? दाखवा."

सेवादास ताडकन उठले. डोक्यावरचं पागोटं सारखं केलं, दोन्ही हात जोडले आणि समोर पंचायत बसली आहे असं धरून ते जोडलेले हात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. "सगळ्यांना रामराम. नायक, हातपंप बंद आहे. बाया नाल्यावरून पाणी आणतात."

आणि ते खाली बसले. एका रामरामात सगळ्यांचा मान झाला होता. आजी म्हणाली, "झालं की याचं. घंटी दाबायची राहिली."

परिषदेचा दिवस आला. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, शाली-श्रीफळं झाली. उद्घाटनच लांबलं, त्यामुळं जेवण लांबलं आणि जेवणानंतर सत्राध्यक्षांनी जाहीर केलं, की प्रत्येकाला आता निम्माच वेळ मिळेल. रंजीताच्या आधीचे गृहस्थ मंडपवाल्याचंही नाव घेऊन पार्श्वभूमीवर आले, तेव्हा मी वाजले. "फक्त शेवटचा मुद्दा," असं म्हणत त्यांनी पहिला मुद्दा काढला. मी पुन्हा वाजले. लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाइल बंद केली. त्यांची गाडी दारात लागली होती.

रंजीताचं नाव पुकारलं गेलं. जगदेवकाका माइक खाली करता करता पुटपुटले, "जवळ धर. चावत नाई थो."

तिनं हात जोडले आणि सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. "सगळ्यांना रामराम." संयोजकांच्या कपाळावर आठी पडली. मागच्या दाराशी पागोटं बांधलेले सेवादास उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही.

पडद्यावर पहिला फोटो आला. "हा आमच्या तांड्यावरचा तिसरीचा वर्ग. गेल्या दिवाळीच्या आधीचा." सतरंजीवर मुलं दाटीवाटीनं बसली होती.

दुसरा फोटो आला. "हाच वर्ग. दिवाळीनंतरचा. त्याच जागी उभं राहून काढलेला." सतरंजी होती, फळा होता. तीन मुलं होती.

ती थांबली. तालमीत अशी प्रत्येक जागा ती शब्दांनी भरून टाकत असे. आज तिनं लोकांना पाहू दिलं. एकेक मोबाइल खाली गेला.

"बाकीची मुलं आजारी नव्हती. ती उसाच्या फडावर होती. पहिल्या फोटोत खिडकीखाली बसली होती ती माझी बहीण. दुसऱ्या फोटोत ती नाही. दिवाळी जवळ आली आहे. आम्हाला एक खोली, दोन वेळचं जेवण आणि रात्री सोबतीला एक बाई हवी. बाकीचे आकडे निबंधात आहेत, विचाराल तर सांगीन."

सत्राध्यक्षांचं बोट माझ्या कळीवर होतं. त्यांनी ते उचललं. मी वाजले नाही.

अधिकाऱ्यांनी फाइल पुन्हा उघडली. "खोली आहे का तांड्यावर?"

"शाळेची जुनी खोली आहे सर. छत चांगलं आहे. दार नाही."

मागच्या दारातून आवाज आला, "दार आमी लावतो, सायेब."

मित्रांनो, ती हीच खोली. हे सागाचं दार सेवादासांनी बसवलं आणि दोनच दिवसांनी ते आणि निकिताची आई गाडीत बसून फडावर गेले. निवृत्त होताना जगदेवकाकांनी प्राचार्यांना विचारून मला इथं आणून दिलं. आता मी पुन्हा बोलावण्याचं काम करते. आज कळ दाबायची पाळी निकिताची आहे.

माझी कळ अलीकडं अडकते. तेलाचा एक थेंब सोडत जा. खेळता खेळता मला दगडानं ठोकू नका, एक पोचा पुरे आहे.

आणि एक लक्षात असू द्या. या खोलीची मंजुरी एका हंगामापुरती आहे. पुढच्या दिवाळीआधी ती पुन्हा मागावी लागेल, त्याच्या पुढच्या दिवाळीआधी पुन्हा. रंजीता दर वर्षी इथं असेलच असं नाही. तुमच्यातल्या कुणाला तरी उभं राहावं लागेल. तेव्हा मला घासूनपुसून साहेबांसमोरच्या टेबलावर ठेवा. एकदाच सगळ्यांना रामराम घाला, समोर बघा आणि जे मागायचं आहे ते आधी मागा.

मला वाजू देऊ नका.