भरतीचं कडवं

"आई, स्वेटरची बटणं लावून देऊ का?" लेकीने दारातच विचारलं.

"माझी मी लावीन. तू गाडीचं बघ," सुईताई म्हणाल्या आणि सहा बटणांना चांगली पाच मिनिटं घेतली. लेक किल्ल्या खुळखुळवत उभी राहिली. दुपारच्या खेळाची तिकिटं होती. पडदा वर जायच्या आधी दोन तास हजर राहण्यात जिचा जन्म गेला, त्या बाईला खेळाला उशिरा पोचणं म्हणजे नाक कापल्यासारखंच होतं.

सुईताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नाटक कंपनीत त्यांनी छत्तीस वर्षं पोशाख सांभाळले. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, त्यामुळे बोलणं कायम दातांमधून. हे नाव कंपनीनेच दिलेलं. त्यांचे यजमान त्याच कंपनीत पेटी वाजवायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आज सिनेमाला जायचं कारण तेच होते.

कंपनीच्या सगळ्यात गाजलेल्या संगीत नाटकावर कोणीतरी सिनेमा काढला होता. त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात नायिका माळीणबाई म्हणून आत जाते आणि लगेच राणी होऊन बाहेर येते. मधे वेळ अगदी चिमूटभर. राणीच्या झग्याला पाठीवर बावीस हूक. तालमीत चेन लावून पाहिली, ती अडकली की अडकलीच. प्रेसची बटणं लावून पाहिली, तर नायिकेचं काम करणाऱ्या बाईंचा वरचा सूर लागला की टपाटप उघडायची. शेवटी हूकच राहिले. पहिल्याच प्रयोगाला त्यातले अकरा लागायचे राहिले आणि बाई तशाच रंगमंचावर गेल्या. तोंड लोकांकडे ठेवून त्यांनी सगळं गाणं म्हटलं आणि उलट्या पावली चालत आत आल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की राजघराण्याची अदब बाईंनी काय अचूक पकडली आहे! विंगेत मात्र बाईंनी सुईताईंचा असा पाणउतारा केला की त्या घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी पेटीवाले तालमीला एक नवं कडवं घेऊन आले. विदूषकाने गायचं, राणीची वाट बघत. नाटककार खवळले. "ही शुद्ध भरती आहे! माझ्या नाटकात भरती चालणार नाही." पण राणीला उघड्या पाठीने पाठवणंही चालण्यासारखं नव्हतं. म्हणून कडवं राहिलं. नाटककारांनी ते संहितेत मात्र कधी लिहू दिलं नाही. सगळे त्याला भरतीचं कडवं म्हणू लागले.

येते येते म्हणाली ती, येईल आता घरी;
दिवा जरा मोठा करा, वाट आहे अंधारी.

या दोन ओळी सुईताईंना पाठ होत्या, कारण तेवढ्यात माळणीचे कपडे उतरत. तिसऱ्या ओळीला हूक सुरू होत, कमरेपासून मानेपर्यंत, आणि सुईताई मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. मोजणाऱ्या माणसाला गाणं कुठलं ऐकू येणार? ठेका तेवढा कळायचा. बावीस म्हटलं की बाईंना पाठीवर हलकी थाप द्यायची आणि खाली वाकून पडलेले कपडे गोळा करायचे. शेवटची ओळ काय होती, हे त्यांना कधी कळलंच नाही.

घरी त्या विचारायच्या, "अहो, काय आहे हो त्या शेवटच्या ओळीत?"

"हूक कमी कर, म्हणजे ऐकू येईल," पेटीवाले म्हणायचे.

"सांगा ना!"

"सांगितलं तर तू मोजायची विसरशील." आणि मिश्यांत हसायचे.

त्या हसण्यावरून सुईताईंनी ठरवून टाकलं होतं की त्या ओळीत आपल्यासाठी काहीतरी आहे. कधीतरी ऐकू, घाई काय आहे, असं म्हणता म्हणता सहाशे प्रयोग झाले. विदूषक गेला, कंपनी मोडली, आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच पेटीवालेही गेले. त्या नाटकाचं रेकॉर्डिंग कोणी केलं नव्हतं. आता पेपरात आलं होतं की सिनेमावाल्यांनी जुन्या माणसांना गाठून गाठून सगळी गाणी मिळवली, एकही गाळलेलं नाही. ते कात्रण सुईताईंनी आठ दिवस उशाशी ठेवलं होतं.

सिनेमा वाईट नव्हता. खरा राजवाडा होता, खरं तळं होतं, खरे घोडे होते. नायिका पोर गोड होती आणि गायलीही सुरात. सुईताईंना एकच त्रास होत होता. पलीकडच्या खुर्चीतले काठीवाले आजोबा प्रत्येक गाणं पडद्याच्या अर्धी मात्रा आधी गुणगुणत होते. लेकीने दोनदा शुक् शुक् केलं. आजोबा तेवढ्यापुरते गप्प बसायचे.

दुसऱ्या अंकाची जागा आली. माळीण वळली. सुईताईंनी पर्स खाली ठेवली. त्यांची बोटं आपोआप पुढे आली. शेजारी आजोबांनी सुरू केलं, "येते येते म्हणाली..."

पडद्यावर माळीण एका खांबाआड गेली आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूने राणी होऊन बाहेर आली.

बस्स. डोळ्याचं पातं लवायच्या आत. थिएटरात लोक "वा!" म्हणाले. कॅमेरा राणीच्या पाठीवरून फिरला. मोत्यांची बटणं दिसली, पण ती नुसती शोभेची होती. खाली चेन आहे हे सुईताईंनी एका नजरेत ओळखलं. तिथे वाट बघण्यासारखं कोणाला काही उरलंच नव्हतं, मग कडवं कशाला लागणार? चूक कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच सुईताईंना जास्त रडू येत होतं. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला नाही, नुसत्या समोर बघत बसून राहिल्या.

दिवे लागल्यावर त्यांनी आजोबांचं मनगट धरलं. लेक चपापली.

"तुम्ही आत्ता ते म्हणत होता. येते येते म्हणाली ती. पुढचं येतं?"

"भरतीचं होय ते?" आजोबा खुलले. "अहो, अकरा वेळा पाहिलंय मी हे नाटक! पहिली रांग, कोपऱ्यातली खुर्ची. समोर पेटीवाल्याचं डोकं यायचं, म्हणून ती खुर्ची कायम रिकामी मिळायची."

"मग शेवटची ओळ सांगा. तेवढी एकच."

आजोबांनी डोळे मिटले. काठीने ठेका धरला. दोन ओळी झाल्या आणि काठी थांबली. "नाही बुवा. खरं सांगू का, ती कोण ऐकत होतं? आमचे सगळ्यांचे डोळे विंगेकडे. राणी केव्हा येते, एवढंच."

सुईताईंनी मान हलवली. संपलंच म्हणायचं. ऐकणारे सहाशे प्रयोगांचे लोक, आणि ऐकलं कोणीच नाही. त्यांनी मनगट सोडलं.

"पण तो पेटीवाला मात्र वस्ताद," आजोबा हसत म्हणाले. "शेवटची ओळ सोडायचाच नाही. पुन्हा, पुन्हा. मान वळवून विंगेत बघत बसायचा. पहिल्या पहिल्यांदा दोनदा व्हायची, मग तीनदा. शेवटच्या एक-दोन वर्षांत तर कहर झाला. सहा-सहादा! विदूषक बिचारा घामाघूम. मी एकदा न राहवून म्हणालोसुद्धा, अहो, पुरे की आता. तर मागे न बघता मला म्हणतो, होतंय हो, होतंय. अजून चार राहिलेत. आता कसले चार, देव जाणे!"

लेक हसली. सुईताई हसल्या नाहीत.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांची बोटं सुजायला लागली होती. हूक बोटांतून निसटायचा. त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. निदान तशी त्यांची समजूत होती. दर प्रयोगानंतर घरी येऊन त्या ऐटीत सांगायच्या, "आजही वेळेत. एकदासुद्धा उशीर नाही." पेटीवाले जेवता जेवता म्हणायचे, "तुझ्या हाताला तोड नाही." मान वर न करता म्हणायचे. सुईताईंनी तरी एवढ्या वर्षांत हुकांवरून मान वर करून एकदा तिकडे कुठे पाहिलं होतं?

आजोबा निरोप घेऊन गेले. बाहेर वारा सुटला होता. आत उकडलं म्हणून काढलेला स्वेटर सुईताई दारातच उभ्या राहून घालू लागल्या. एक बटण लागलं. दुसरं निसटलं, मग लागलं. मागून लोक बाहेर पडत होते, त्यांचे धक्के लागत होते.

"आई, चल ना गं. किती वेळ? आण इकडे, मी लावते."

सुईताईंनी लेकीचा हात बाजूला केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बटण नीट दिसत नव्हतं.

"होतंय गं, होतंय," त्या म्हणाल्या. "अजून चार राहिलेत."