माझ्यातून खाली गेलेले मणी

माझी चौकट साठ सेंटिमीटर लांब आणि पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आहे. तीत लांबीच्या बाजूने ऐंशी आणि रुंदीच्या बाजूने साठ, अशी चार हजार आठशे चौकोनी छिद्रे होती. पुढे एक तार तुटली आणि दोन छिद्रांचे एक झाले, तेव्हा आज मोजाल तर चार हजार सातशे नव्याण्णव भरतील. प्रत्येक छिद्र सहा मिलिमीटरचे. मित्रांनो, एवढी मोजदाद आज मी स्वतःहून सांगते आहे. जेव्हा सांगायला हवी होती, तेव्हा मी मिरवत होते.

ओळखलेत ना? मी माती चाळायची चाळणी.

मला एका सुताराने घडवले. हात सफाईचा, पण जीभ तिखट. जाळी ताणून बसवल्यावर त्याने टिचकी मारून पाहिली आणि बायकोला हाक मारली, "ही बघ, तुझ्यापेक्षा कमी कुरकुरते!" आतून लगेच उत्तर आले, "तिला तुमच्यासोबत नांदायचं नाहीये ना!"

तिथून मी पुरातत्त्व कचेरीच्या मागच्या खोलीत आले. खणलेली माती माझ्यात ओतायची, हलवायची, आणि वर काय उरते ते पाहायचे, हे माझे काम. मी खापरे पकडली, दगडी पाती पकडली, एकदा एक अंगठीही पकडली. "हिच्या हाती यश आहे," असे निरीक्षक बाई म्हणायच्या, आणि मी खिळ्यावर फुगून बसायचे.

शेजारच्या खिळ्यावर दुसरी चाळणी होती, एक मिलिमीटरच्या छिद्रांची. तिला एका बादलीला बारा मिनिटे लागत, मला दोन. तिला क्वचितच कोणी खाली काढी. मी मनात तिला आळशी म्हणत असे. तेही आज कबूल करते.

मग टेकडीचे काम आले. गावाच्या कडेला, बस आगाराच्या वर, गवताळ सपाट जागा होती. हे शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासून जे लोक इथे राहत होते, ते आपली माणसे तिथे पुरत आले होते. आता ते लोक आगारामागच्या दोन गल्ल्यांत राहत होते आणि टेकडी एका हॉटेल कंपनीने घेतली होती. नियम असा होता की आधी सात खड्डे घेऊन माती तपासायची. जुने काही सापडले तर बांधकाम थांबणार, नाही तर सुरू.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, ऐंशी सेंटिमीटर खोल असा एकेक खड्डा. प्रत्येकी ऐंशी बादल्या, म्हणजे एकूण पाचशे साठ. बाईंनी खोलीत उभ्या उभ्या हिशेब केला. बारीक चाळणीला एकशे बारा तास, मला एकोणीसही नाहीत. त्यांचा हात माझ्याकडे आला.

पहिल्या दिवशी चार खड्डे झाले. वर उरले ते फक्त खडे आणि मुळ्या. कंपनीचे व्यवस्थापक, हसतमुख तरुण गृहस्थ, माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणाले, "बाई, चाळणी आहे की घोडा!" मला धन्य वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातवा खड्डा चालू असताना गल्लीतून एक म्हातारी चढून आली. सगळे तिला मावशीच म्हणत. ती धापा टाकत माझ्याजवळ बसली आणि गवताची एक जाड काडी माझ्या जाळीत घातली. काडी आरपार गेली.

"बाई, यातून एवढी जाड काडी जातेय. मग माझी माणसं कशी अडकतील?"

"मावशी, हाडं असती तर अडकली असती," बाई म्हणाल्या.

"हाडं कुठली? इथली माती आंबट आहे, चार पिढ्यांत हाडं खाऊन टाकते. माझ्या आजीची आजी इथंच आहे, या पायाखाली. तिच्या गळ्यात मणी घातले होते, काचेचे. एवढे." तिने आपल्या गळ्यातली माळ पुढे धरली. मणी मोहरीपेक्षा थोडे मोठे होते.

व्यवस्थापक हसले, पण आवाज नरम ठेवून. "अहो मावशी, मोहरी शोधायला आम्ही डोंगर चाळत बसायचा का?"

"तू नको चाळूस रे बाळा. तू वाट पाहा. आम्ही पाहिलीच की इतकी वर्षं."

बाईंनी माझ्याखालच्या ढिगात बोटे फिरवली. माती ओली होती. ओल्या मातीत मणी मातीसारखाच दिसतो.

आणि मित्रांनो, मला माहीत होते. खडा जाळीवरून अडखळत जातो, मणी घरंगळतो. त्या खड्ड्याच्या मातीत माझ्या तारांना काहीतरी गोल, गुळगुळीत, पुन्हा पुन्हा स्पर्शून गेले होते. मला तोंड नाही, हे खरे. पण त्या क्षणी मला तोंड हवेसेही वाटले नाही. चार लोकांत आपले कौतुक चालले होते आणि ते संपू नये, एवढेच मला वाटत होते.

"बाई, ऊन उतरलं," व्यवस्थापक म्हणाले. "मशिनवाले सकाळपासून उभे आहेत."

बाईंनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिले, 'काही आढळले नाही.' मावशीने वाचायला मागितला. वाचून परत देताना म्हणाली, "'आम्ही पाहिलं नाही' असं लिहा ना. तेवढं तरी खरं होईल."

कागद बदलला नाही.

पुढची गोष्ट सांगताना माझी तार न् तार आखडते. कंपनीने मला महिनाभर उसने मागून नेले. गिलाव्याची वाळू मी चाळली. ज्या जमिनीत मी काही नाही असे ठरवले होते, तिच्यावरच्या भिंती माझ्याच हातून गुळगुळीत झाल्या. परत आले ती तुटक्या तारेची. मला खिळ्यावर नाही, दाराआड उभे केले, आणि माझ्यावर ओली छत्री टेकवू लागले.

अकरा वर्षे गेली. हॉटेलमागे गवताचा एक तुकडा उरला होता. सातव्या खड्ड्याची जागा त्यातच होती. तिथे आता पोहण्याचा तलाव होणार होता. मावशीने दरवर्षी एक याप्रमाणे अर्ज केले होते. अकराव्या अर्जावर कचेरीने पुनर्तपासणी मान्य केली. निष्कर्ष येईपर्यंत खोदकाम बंद.

तपासायला माती होती. प्रत्येक खड्ड्यातली दहा लिटर माती न चाळता पिशवीत ठेवण्याचा नियम असतो. सहा पिशव्या आवराआवरीत फेकल्या गेल्या होत्या. सातवी कपाटाखाली सरकली म्हणून वाचली.

बाईंचे केस पिकले होते. त्यांनी बारीक चाळणी खिळ्यावरून काढली, मला तिच्यावर ठेवले आणि माती ओतली. या वेळी पाणीही सोडले. मावशी स्टुलावर बसली होती. तिला आता नीट दिसत नव्हते.

"मावशी, तेव्हाही ही माझ्या हाताशीच होती," बाई हळूच म्हणाल्या.

"हाताशी होती, तर हात का नाही गेला?"

बाईंनी पाण्याची धार थोडी वाढवली. मावशी म्हणाली, "असू दे. आता मोठ्यानं मोजा. मला ऐकू येतं."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती कुठली ना कुठली चाळणी येईल. 'काही नाही' असे लिहिण्याआधी तिची छिद्रे मोजा. आणि ज्यांची माणसे त्या मातीत आहेत, त्यांना आधी विचारा, किती बारीक चाळायचे ते. मी हे सांगण्याच्या लायकीची नाही, तरी सांगते. माझ्यावर छत्री टेकवली तर चालेल. माझ्यावर विश्वास टाकताना मात्र जपा.

बाईंनी मोठ्याने वाचलेली नोंद अशी. एकूण माती दहा लिटर. सहा मिलिमीटरच्या जाळीवर खडे एकोणतीस, मुळीचा तुकडा एक. एक मिलिमीटरच्या जाळीवर काचेचे मणी सत्तेचाळीस. सर्वांत मोठ्याचा व्यास ३.१ मिलिमीटर, सर्वांत लहानाचा १.४.