दुकानापुरती सूट

तोंडात टाचण्या असल्या की फोन शिंपीणबाईंना ओळखायचाच नाही. ओठ आवळलेले, गाल फुगलेले. तो बापडा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत बसायचा. दिवसातून वीसदा टाचण्या काढा, घाला, कोण करणार? म्हणून बाईंनी स्वतःच्या मते मोठं डोकं चालवलं. फोनमधला गिऱ्हाइकांच्या मापांचा आणि फोटोंचा कप्पा एरवी चेहरा पाहूनच उघडायचा. दुकानात असताना मात्र नुसत्या चार आकड्यांवर उघडावा, अशी सूट त्यांनी देऊन ठेवली. त्या जागेला नावही दिलं, 'दुकान'.

आज सकाळी बसथांब्यावर तोच फोन पिशवीतून गेला. त्याआधी मिनिटभर बाईंनी फोन उघडायला तेच चार आकडे दाबले होते आणि मागे कुणीतरी अगदी खेटून उभं होतं, हे त्यांना आता आठवत होतं.

"वहिनी, बसा जरा," काजं करणारी ननंद म्हणाली. "कप्पा बाहेर उघडत नाही ना? मग झालं तर."

"उघडत नाही. पण कुठं उघडेल ते सांगतो मेला. 'फक्त दुकान इथे आकड्यांवर उघडेल', असं लिहून येतं. आणि कव्हरात आपल्या दुकानाचं कार्ड आहे, पत्त्यासकट."

ननंदेची सुई थांबली.

तिच्या फोनवरून पासवर्ड बदलायला गेल्या, तर अनोळखी फोन म्हणून तासभर थांबायला सांगितलं होतं. त्यातली वीस मिनिटं अजून उरली होती. बाई दारापर्यंत जात, परत येत, कात्री उचलत, ठेवत. कप्प्यात एका गिऱ्हाइकाचे, शाळेत शिकवणाऱ्या बाईंचे फोटो होते. ऑपरेशनमध्ये त्यांचा एक स्तन काढला होता. आतल्या कपड्यात त्या बाजूला भरण घालायचं, म्हणून व्रणासकट फोटो काढावे लागले. डॉक्टरांपुढे त्या रडल्या नव्हत्या, इथं पडद्यामागे रडल्या. ते कुणा परक्याच्या हाती लागलं तर आपण त्यांना तोंड कसं दाखवायचं, हेच बाईंना कळेना.

"वहिनी, नकाशावरचा तुमच्या फोनचा ठिपका हलला," ननंद आपल्या फोनकडे बघत पुटपुटली. "आपल्याच गल्लीत आलाय."

बाईंनी वर पाहिलं. दारात एक गृहस्थ उभा होता. नीट विंचरलेले केस, तोंडावर हसू, उजवा हात खिशात.

"ही अंगावरची पँट दोन बोटं कमी करायचीय. लगेच होईल का?"

"होईल की," बाई म्हणाल्या. आवाज कापला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. "या ठोकळ्यावर उभे राहा."

तो चढला. खिशातला हात तिथंच, आणि अंगठा कापडाआडून हळूहळू हलत होता.

"हात बाहेर. खिशात हात असला की कापड ओढलं जातं, लांबी चुकते."

त्याला हात काढावा लागला. बाईंनी टाचण्या तोंडात धरल्या आणि खाली बसल्या. डावा पाय टाचला, उजवा टाचला. मग गप्पा मारत मारत दोन्ही पाय एकमेकांना टाचले, चांगल्या आठ टाचण्यांनी. वर न बघताच ननंदेला मान हलवली. तिनं नकाशाखालचं 'आवाज करा' दाबलं.

गृहस्थाच्या खिशातून शिट्टी वाजू लागली. तो पळायला गेला आणि गाठोड्यासारखा कापडाच्या ढिगात पडला. फोन घरंगळत बाहेर आला. पडद्यावर चारपैकी तीन आकडे भरलेले होते.

शेजारचे दुकानदार त्याला धरून घेऊन गेले. बाईंनी सगळ्यात आधी फोनमधली 'दुकान'ची सूट काढून टाकली.

दुपारी शाळेतल्या बाई कपडा घालून बघायला आल्या. शिंपीणबाईंनी काही लपवलं नाही. तीन आकड्यांचंही सांगितलं.

"चूक माझी. टाचण्या काढायचा आळस केला मी. तुम्ही दुसरीकडे शिवून घेतलंत तर मी बोलणार नाही."

शाळेतल्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आधी ते फोटो पुसा. माझ्यासमोर."

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, फोन चेहऱ्यासमोर धरला आणि सगळे फोटो पुसले. मग तयार कपडा पुढे केला आणि नजर खाली ठेवली.

शाळेतल्या बाईंनी कपडा घेतला, पडद्यामागे गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "काखेत जरा दाटतंय. आत या, हातानंच बघा."